रॉकेल

मर्टल अव्हेन्यूच्या टोकाला गवताचा एक तुकडा आहे.
विमानं तिथून इतकी खाली जातात
की मान आपोआप आत ओढली जाते.
मिस्टर ऑडली थर्मास घेऊन बसलेले असतात,
प्रत्येक विमानाचा नंबर वहीत उतरवतात,
एकोणचाळीस वर्षं, पेन्सिलनं.
जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या शेजारी.
धंदा तसा एकच आमचा.
ते विमानं मोजतात, मी त्यांचा धूर.

ऑफिस दोन स्टॉप पलीकडे, टायरच्या दुकानावर.
विमान कंपन्या वर्षाचा हिशेब पाठवतात:
इतकं भरलं, इतकं जळलं, इतकं टाकीत उरलं.
एक टन जळलं की तीन टनांवर कार्बन.
पहिल्या आठवड्यात मला ती बेरजेची चूक वाटली होती.
जळालेलं वाढेल कसं?
गॅरेथ म्हणाला, त्यात हवा मिसळते,
हवेचं वजन आपण धरत नाही, एवढंच.

आणि जळतं काय,
तर रॉकेल.
गाळलेलं, शहाणं केलेलं, पण रॉकेलच.
हे कळलं त्या दुपारी
हाउन्स्लोतल्या त्या बंद खिडकीआड
मला मिरजेचा वास आला.

उमराणींचं रेशन दुकान. निळं रॉकेल.
माणशी माप.
कार्डावर नावं पाच, घरात माणसं चार;
वारलेल्या आजोबांच्या वाट्याचं रॉकेल
आम्ही तीन वर्षं जाळलं.
उमराणींच्या मापाला पोचा होता,
सगळ्या रांगेला ठाऊक होता.
एकटी यमूआत्या बोलायची,
"आधी तो पोचा काढा, मग माझा डबा भरा."
घरी आली की कंदिलाची वात खाली.
"वाचता येतंय ना? मग बास."

इथला धूर निघाला त्या देशाचा नाही,
उतरला त्याचाही नाही;
समुद्रावर कुठेतरी बेवारस झाला.
मला प्रत्येक विमानतळावर
कोण, कुठली, किती दिवसांसाठी, सांगावं लागतं.
त्याला कुणी विचारलं नाही.
आता विचारतायत. मोठ्या सभागृहांत, सहा भाषांत,
कुणाच्या कार्डावर किती,
आणि जास्त जाळलं त्यानं
दुसरीकडचं एखादं जंगल विकत घ्यावं.
परवा यादीत एक जंगल निघालं
जे तोडायला कुणी जाणारच नव्हतं.
ते वाचवल्याचे पैसे.
मला आजोबा आठवले.

शेरा लिहिला.
गॅरेथनं चष्मा वर केला,
"पाच टक्क्यांच्या आत आहे. जाऊ दे."
उमराणींचा पोचासुद्धा
एवढाच असेल.

रविवारी आत्याचा फोन.
डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी सुटलीय,
तुला बघायचंय नीट.
"ये की ग. विमान तर येणारच आहे,
तू बसलीस काय नि न बसलीस काय."
मी म्हटलं, कंदीलही जळणारच होता, आत्या,
वात का खाली करायचीस?
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली,
"ते रॉकेल आपलं होतं ग."

हे कुणाचं, असं तिनं विचारलं नाही
आणि मीही बोलले नाही.
मार्चचं तिकीट काढलंय. अजून तिला सांगितलेलं नाही.
खाली एक चौकोन होता,
चौदा पौंडांत तुमचा धूर फेडा,
झाडाचं चित्र, चित्राखाली बारीक अक्षरं.
आयुष्यात पहिल्यांदा
मी बारीक अक्षरं न वाचता
पान बंद केलं.

दोन वीसचं आज उशिरा आलं.
सावली डब्यावरून, पोळीवरून,
ऑडलींच्या वहीवरून सरकत
पलीकडच्या कुंपणावर चढली.
त्यांनी नंबर लिहिला, पेन्सिलीला टोक केलं.
मी विचारलं, आत माणसं किती असतील?
"ते मी कधी लिहिलं नाही,"
ते म्हणाले, आणि थर्मासचं झाकण
माझ्यापुढे धरलं.